दैवाचा घाला की दारिद्र्याचा?

दूरच्या एखाद्या गरीब देशात महापूर आला, वादळ झाले, पटकीची साथ पसरली आणि हजारो बालके दगावली, असे वृत्त वाचले की आपण हळहळतो आणि ‘दैवाचा घाला!’ असे म्हणून पान उलटतो. या उद्गारात करुणा आहे यात शंका नाही. परंतु विचार मात्र नाही, असे आमचे नम्र मत आहे. वादळ निसर्ग पाठवितो हे खरे. तथापि त्यात कोणी मरावे आणि कोणी जगावे, हे बहुधा दारिद्र्य ठरविते. आणि दारिद्र्यावर मानवी उपाय चालतो.

बांगलादेशाचेच उदाहरण घेऊ. गंगा, ब्रह्मपुत्रा व मेघना या महानद्यांच्या मुखाशी वसलेला हा सखल देश. तो पूर्व पाकिस्तान म्हणून ओळखला जात असताना, 1970 च्या नोव्हेंबरात, चक्रीवादळाने व त्याबरोबर उसळलेल्या समुद्राने तेथील किमान तीन लक्ष माणसांचा बळी घेतला. पुढे झालेल्या पाहणीत असे आढळले की, मृतांपैकी सुमारे निम्मी दहा वर्षांच्या आतील मुले होती. 1991 च्या वादळात सुमारे एक लक्ष चाळीस हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतरच्या एका पाहणीचा निष्कर्ष तर डोळ्यांत अंजन घालणारा आहे. पाहणी केलेल्या लोकांपैकी ज्यांना पक्क्या इमारतीचा आसरा मिळाला, ते सर्व वाचले. ज्यांना मिळाला नाही, त्यांपैकी शेकडा सुमारे 22 दगावले. वारा सर्वांना सारखाच होता. पक्की भिंत मात्र सर्वांच्या वाट्याला आली नव्हती.

वादळ ओसरले म्हणजे संकट संपले असेही नाही. पुराचे पाणी विहिरी-तळ्यांत शिरते, पिण्याच्या पाण्यात घाण मिसळते, आणि पटकी व अतिसार यांना रान मोकळे मिळते. लहान मुलाच्या देहातील पाणी व क्षार काही तासांतच निघून जातात. अर्धपोटी मुलास हा रोग लवकर गाठतो, आणि रोगाने ते मूल अधिकच कृश होते. असे हे दुष्टचक्र आहे.

ते तोडण्याचा उपाय किती साधा निघाला, पाहा! 1971 साली पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत पटकी पसरली. पश्चिम बंगालमधील बनगाव येथे शिरेतून देण्याचे सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज पाण्यात विरघळवून ते रुग्णांच्या नातेवाइकांकरवी पाजण्यास प्रारंभ केला. शर्करेच्या साहाय्याने आतडे क्षार व पाणी शोषून घेते, हे ढाक्याच्या प्रयोगशाळेतील संशोधनाने त्यापूर्वीच दाखविले होते. जेथे शेकडा सुमारे 30 रुग्ण मरत होते, तेथे ते प्रमाण चारांच्या आत आले.

परंतु शोध लागणे वेगळे आणि तो गरिबाच्या झोपडीत पोहोचणे वेगळे. ते काम ‘ब्रॅक’ या बांगलादेशी संस्थेने केले. 1980 ते 1990 या दशकात तिच्या सेविका दारोदार फिरल्या आणि एक कोटी वीस लक्षांहून अधिक मातांना त्यांनी चिमूटभर मीठ, मूठभर गूळ व पाणी यांचे मिश्रण करण्यास शिकविले. मातांच्या ध्यानात किती राहिले याची मागाहून तपासणी होई, आणि सेविकेचा मोबदला त्यावर ठरे! वादळापासून रक्षणासाठी निवारे उभारले गेले, इशारा घरोघर पोहोचविणारे स्वयंसेवक तयार झाले. 2007 च्या ‘सिद्र’ या प्रचंड वादळातील मृतांची संख्या सुमारे साडेतीन हजार होती. तीही दुःखदच, पण लक्षांची नव्हे. 1990 साली जन्मणाऱ्या दर हजार मुलांपैकी सुमारे 145 पाच वर्षांची होण्यापूर्वी मरत. आज ही संख्या तिसाच्या आसपास आहे.

कोणी म्हणतील, देश आधी श्रीमंत व्हावा, मग मुले आपोआप वाचतील. बांगलादेश श्रीमंत होईपर्यंत थांबला नाही, हेच या प्रश्नाचे उत्तर होय. मात्र एवढ्यावर समाधान मानणे योग्य नव्हे. मूल जगले, तरी पुराने शेत व घर नेले की कर्जबाजारी पिता मुलाची शाळा सोडवून त्याला मजुरीस लावतो, मुलीचा विवाह उरकून टाकतो. त्या देशात आजही निम्म्याच्या जवळपास मुलींचे विवाह अठरा वर्षांच्या आत होतात. प्राण वाचविणे ही पहिली पायरी. बालपण वाचविणे ही दुसरी, आणि ती अधिक कठीण आहे.

विद्यार्थिमित्रहो, आपत्तीनंतर आपण वर्गणी गोळा करतो, ते उचितच आहे. परंतु या इतिहासावरून आम्हांला असे वाटते की, आपत्तीपूर्वी दिलेले ज्ञान हे त्याहून मोठे दान आहे. आज क्षार-शर्करेची पाकिटे औषधाच्या दुकानात व आरोग्य केंद्रात मिळतात. ती कशी वापरावीत हे प्रथम आपण शिकावे, आणि मग ज्या घरी वृत्तपत्र जात नाही, त्या घरी जाऊन सांगावे.