एक्स-रेची खोली हाच वर्ग

तीन आठवडे खोकला थांबत नाही म्हणून एक बाई ग्रामीण रुग्णालयात छातीचा ‘फोटो’ काढायला येते. गळ्यात मंगळसूत्र आणि काळ्या दोऱ्यातला ताईत, खांद्यावर जाड वेणी. शिकाऊ तंत्रज्ञ दागिने काढून ठेवायला सांगतो, तिला स्टँडसमोर उभी करतो आणि बटण दाबतो. पडद्यावर चित्र येते तेव्हा उजव्या फुफ्फुसाच्या टोकाशी एक पांढुरका पट्टा दिसतो. क्षयरोग बहुधा इथेच, फुफ्फुसाच्या वरच्या भागात, घर करतो. डॉक्टर चित्र पुन्हा पुन्हा न्याहाळतात. शेवटी अनुभवी तंत्रज्ञाच्या लक्षात येते की ती वेणीची सावली आहे. बाईला परत बोलावतात, वेणी डोक्यावर बांधायला लावतात आणि दुसरा एक्स-रे काढतात.

असे प्रसंग एक्स-रे विभागात काम करणाऱ्यांना नवे नाहीत. पुस्तकात वेणीविषयी फार तर एक ओळ असते. ती ओळ अंगवळणी पडायची तर पहिले काही दिवस शेजारी जाणता माणूस उभा असावा लागतो. नेमके हेच आपल्याकडच्या अनेक विद्यार्थ्यांना पुरेसे मिळत नाही.

क्ष-किरण तंत्रज्ञांच्या शिक्षणाला कायद्याची चौकट मिळाली ती २०२१ मध्ये. त्या वर्षी संसदेने संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला आणि वैद्यकीय प्रतिमा तंत्रज्ञानाला त्यात स्थान दिले. त्यानुसार ‘संलग्न आरोग्य व्यावसायिक’ म्हणवून घ्यायला किमान २,००० तासांचे शिक्षण हवे आणि ‘आरोग्यसेवा व्यावसायिक’ म्हणवून घ्यायला किमान ३,६०० तासांचे. नोंदणी नसलेल्याला हे काम करू न देण्याचीही तरतूद आहे. चार भिंती आणि एक जुने यंत्र दाखवून प्रमाणपत्रे वाटणाऱ्या संस्था ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या कायद्याचे मोल वेगळे सांगायला नको.

पण तास मोजून काम शिकल्याची खात्री होत नाही. दोन हजार तासांत विद्यार्थ्याने मनगटाचे किती एक्स-रे स्वतः काढले? लहान मुलाचा एकतरी काढला का? अपघातात मान दुखावलेल्या माणसाला न हलवता चित्र कसे घ्यायचे, हे त्याने कुणाच्या देखरेखीखाली केले? पदविका देण्याआधी या प्रश्नांची लेखी उत्तरे मागितली गेली पाहिजेत.

छातीचा साधा एक्स-रेच घेऊ. सगळ्यात जास्त काढला जाणारा आणि म्हणून सगळ्यात सोपा समजला जाणारा. रुग्णाची छाती स्टँडला टेकलेली, हनुवटी वर, हात कमरेवर आणि खांदे पुढे झुकवलेले असतात, म्हणजे खांद्याची फरी फुफ्फुसावरून बाजूला सरकते. किरणांची नळी पाठीमागे सुमारे १८० सेंटीमीटरवर असते. मग सूचना: श्वास घ्या, अजून घ्या, धरून ठेवा. श्वास पुरेसा भरला असेल तर चित्रात पाठीकडच्या साधारण दहा फासळ्या मोजता येतात. अर्ध्या श्वासावर बटण दाबले की फुफ्फुसाचा खालचा भाग दाटलेला दिसतो आणि नसलेल्या न्यूमोनियाची शंका येते. रुग्ण उभाच राहू शकत नसेल, तर त्याला निजवून समोरून एक्स-रे घेतात. तेव्हा हृदय आहे त्याहून मोठे दिसते. तंत्रज्ञाने चित्रावर तशी नोंद केली नाही, तर धडधाकट हृदयाच्या माणसावर हृदय वाढल्याचा शिक्का बसू शकतो. शिवाय ‘उजवा’ किंवा ‘डावा’ दाखवणारी खूण असतेच. शिशाचे एवढेसे अक्षर, पण ते चुकीच्या बाजूला लागले तर पुढची सगळी गणिते उलटी होतात.

हे सगळे काही सेकंदांत करायचे असते. समोर दम लागलेली आजी आहे, तिला मराठी समजते पण ‘इन्स्पिरेशन’ समजत नाही. बाहेर रांग लागली आहे आणि केसपेपरचा गठ्ठा वाढतो आहे. अशा वेळी न चिडता आणि घाई न करता आजीकडून पूर्ण श्वास भरून घेणे हे कौशल्य आहे. ते प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवले गेले पाहिजे आणि त्यात त्याची परीक्षाही झाली पाहिजे.

दुसरा धडा किरणांच्या मात्रेचा. फिल्मच्या काळात मात्रा जास्त झाली की चित्र काळे पडे आणि चूक लगेच सगळ्यांना दिसे. डिजिटल यंत्रात तसे होत नाही. मात्रा कमी पडली तर चित्र दाणेदार येते आणि डॉक्टर तक्रार करतात. मात्रा गरजेपेक्षा जास्त झाली, तरी संगणक उजेड जुळवून देतो आणि चित्र देखणे येते. तक्रार कोणीच करत नाही. मग हात हळूहळू जास्त मात्रेकडे वळतो. मात्रा अशी नकळत वाढत जाण्याचा धोका जगभरच्या क्ष-किरण विभागांनी ओळखला आहे. प्रत्येक चित्रासोबत यंत्र एक्स्पोजर इंडेक्सचा आकडा दाखवते. विद्यार्थ्याने तो वाचून वहीत लिहावा, ही सवय पहिल्या महिन्यात लागली तरच पुढे टिकते.

एका छातीच्या एक्स-रेची मात्रा अगदी थोडी असते. निसर्गातून आपल्याला वर्षभरात मिळणारा किरणोत्सर्ग तिच्या कितीतरी पट जास्त असतो, त्यामुळे रुग्णांनी घाबरू नये. मात्र थोडी असली, तरी ती विनाकारण देण्याचा अधिकार कोणाला नाही. याच कारणासाठी शिकण्याकरिता विद्यार्थ्यांनी एकमेकांवर किरण सोडता कामा नयेत. मांडणीचा सराव जोडीदारावर बटण न दाबता करायचा आणि एक्स्पोजरचा सराव फँटमवर, म्हणजे मानवी अवयवाच्या प्रतिकृतीवर. किती संस्थांत फँटम आहे आणि असला तर तो किती वेळा वापरला जातो, हे प्रत्येक तपासणीत पाहिले जावे.

ही काळजी फार मोठी किंमत मोजून आली आहे. विल्हेल्म राँटगेनना ८ नोव्हेंबर १८९५ रोजी क्ष-किरण सापडले. त्यानंतर दहा वर्षेही झाली नव्हती तोच, १९०४ मध्ये, एडिसनचा सहायक क्लॅरेन्स डॅली या किरणांच्या इजेने मरण पावला. हात कापूनही तो वाचला नाही आणि एडिसनने ते काम सोडले. जर्मनीत हॅम्बुर्ग येथे १९३६ मध्ये अशा बळींचे स्मारक उभारले गेले. त्यावर सुरुवातीलाच दीडशेहून अधिक नावे होती. त्यात डॉक्टर होते आणि त्यांच्यासोबत काम करणारे तंत्रज्ञही होते.

प्रशिक्षणाचेही एक जुने उदाहरण आहे. पहिल्या महायुद्धात मारी क्यूरी यांनी मोटारींवर एक्स-रे यंत्रे चढवून फ्रान्सच्या आघाडीवर नेली. यंत्रे मिळाली, पण ती चालवणारी माणसे नव्हती. तेव्हा त्यांनी मुलगी इरेन हिच्यासह सुमारे दीडशे स्त्रियांना हे काम शिकवले. त्या शिक्षणात भौतिकशास्त्र होते, शरीररचना होती आणि प्रत्यक्ष काम होते. दारात जखमी सैनिक पडलेले असतानाही क्यूरींनी आधी शिकवले आणि मग यंत्र हाती दिले. आज युद्ध नसताना ‘माणसे कमी आहेत’ म्हणून पहिल्या सत्रातल्या मुलाला एकट्याला एक्स-रे खोलीत उभे करणे समर्थनीय ठरत नाही.

तंत्रज्ञ कमी आहेत हे खरेच. त्यामुळे इंटर्नशिपला आलेली मुले कायम कर्मचाऱ्यांच्या जागी राबवली जातात. रात्रपाळीला कोणी वरिष्ठ नसतो. चूक झाली तर ती दाखवणारे कोणी नाही, म्हणून तीच चूक सवय होते आणि तीच सवय घेऊन तो मुलगा पुढची तीस वर्षे नोकरी करतो. आजची गरज अशी भागवली, तर उद्याचे नुकसान तिच्याहून मोठे होते.

शिकवणाऱ्यांनीही शिकत राहावे लागते. कमरेच्या एक्स-रेत जननेंद्रियांवर शिशाची ढाल ठेवायची, असे कित्येक पिढ्यांना शिकवले गेले. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने ही पद्धत सरसकट वापरणे थांबवा, अशी भूमिका घेतली. ढाल सरकून नेमका हवा तोच भाग झाकला जातो, काही यंत्रांत त्यामुळे मात्रा उलट वाढते आणि फायदा नगण्य असतो, ही त्यामागची कारणे. किती वर्गांत हा बदल पोचला? उलट काही गोष्टी जुन्या असूनही पाळल्या जात नाहीत. शिशाचा ॲप्रन घडी घालून खुर्चीवर टाकला की आतल्या थराला भेगा पडतात. तो खुंटीला टांगायचा असतो. अंगावर पडलेली मात्रा मोजणारा, छातीवरचा टीएलडी बॅज ॲप्रनच्या आत लावायचा असतो, दप्तरात ठेवायचा नसतो. अणुऊर्जा नियामक मंडळाने भारतात कर्मचाऱ्यांसाठी सलग पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्टची मर्यादा घातली आहे. बॅज अंगावर नसेल तर ती पाळली जाते की नाही, हे कळायचे कसे?

आता तर एक्स-रे खोलीबाहेर पडला आहे. क्षयरोगाचे जगातले सुमारे पाव रुग्ण भारतात आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या मोहिमेत हातात धरण्याजोगी एक्स-रे यंत्रे गावोगाव पोचली. चित्र वाचायला संगणकप्रणालीही आल्या. पंधरा वर्षांवरील व्यक्तींच्या तपासणीत त्या वापरायला जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये मान्यता दिली. पण समाजमंदिरात शिशाची भिंत नसते. अंतर दुप्पट केले की मात्रा चौथाईवर येते, हा नियम तिथे तंत्रज्ञाला आठवला पाहिजे, आणि आसपास घुटमळणारी पोरे त्यानेच लांब केली पाहिजेत. संगणकही त्याला दिलेलेच चित्र वाचतो. वेणीची सावली त्यालाही चकवू शकते.

उपाय अवघड नाहीत. अमेरिकेत नोंदणीसाठी विद्यार्थ्याला ३६ सक्तीच्या आणि १५ ऐच्छिक तपासण्यांत आपले कौशल्य सिद्ध करावे लागते, असे तिथल्या २०२२ च्या निकषांत आहे. आपल्याकडेही तासांसोबत अशी यादी आणि वरिष्ठाच्या सहीची नोंदवही सक्तीची करावी. वाया गेलेले एक्स-रे पुसून न टाकता महिन्यातून एकदा सर्वांनी बसून पाहावेत: मांडणी चुकली, श्वास चुकला की रुग्ण हलला? विद्यार्थी किती असावेत हे शिकवणाऱ्या तंत्रज्ञांच्या संख्येवर ठरवावे आणि इंटर्नला रात्रपाळीत एकटे ठेवण्यावर बंदी घालावी.

८ नोव्हेंबर हा जागतिक रेडिओग्राफी दिन. त्या दिवशी केक कापण्याआधी प्रत्येक संस्थेच्या प्रमुखांनी शेवटच्या वर्षाच्या दहा विद्यार्थ्यांच्या नोंदवह्या मागवून वाचाव्यात. नोंदवह्याच नसतील, तर त्या त्याच दिवशी सुरू कराव्यात.