नवरीची संध्याकाळ नवरीलाच मिळावी

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या मुस्लिम घरांच्या लग्नांना अलीकडे एक नवा कार्यक्रम जोडला गेला आहे. हळद, मेंदी, निकाह, वलिमा या यादीत आता ‘ब्रायडल शॉवर’ आला. फुग्यांची कमान, नवरीच्या खांद्यावरून आडवा पट्टा, डोक्यावर चकचकीत मुकुट, केक, एकाच रंगाचे कपडे घातलेल्या मैत्रिणी आणि हे सगळे टिपणारा फोटोग्राफर. कराडला झाले म्हणून मिरजेला, मिरजेला झाले म्हणून तासगावला.

यावर आपल्याकडे दोन प्रकारची मते ऐकू येतात. एक मत सांगते की हे पाश्चात्त्यांचे खूळ आहे, बिदअत आहे, बंद करा. दुसरे म्हणते, लग्न एकदाच होते, मुलींची हौस होऊ द्या. मला दोन्ही मते अपुरी वाटतात. लग्नाआधी मुलीने आपल्या मैत्रिणी आणि घरातल्या बायकांबरोबर एक मोकळी संध्याकाळ घालवावी, हसावे, गावे, ही गोष्ट चांगलीच आहे आणि आपल्याकडे जुनी आहे. प्रश्न एवढाच की ती संध्याकाळ कोणासाठी असते आणि तिचे पैसे कोण देते.

आधी ‘बाहेरून आलेले’ या आक्षेपाकडे पाहू. जाफर शरीफ यांनी दख्खनच्या मुसलमानांच्या चालीरीतींवर लिहिलेले ‘कानून-ए-इस्लाम’ हे पुस्तक जी. ए. हर्कलॉट्स यांनी इंग्रजीत आणले आणि ते १८३२ साली लंडनला छापले गेले. त्यात लग्नातल्या दोन हळदींची नोंद आहे. एक ‘चोर हळद’, म्हणजे गाजावाजा न करता गुपचूप लावायची, आणि दुसरी ‘साव हळद’, म्हणजे चारचौघांत वाजतगाजत लावायची. चोर आणि साव ही जोडी मराठी वाचकाला वेगळी समजावून सांगावी लागत नाही. म्हणजे जवळपास दोनशे वर्षांपूर्वी दख्खनी मुसलमान बायकांना एक कार्यक्रम लोकांना दाखवण्यासाठी आणि एक आपल्यापुरता, हा फरक ठाऊक होता. त्याशिवाय रतजगा होता. रात्रभर जागून गुलगुले तळायचे, ढोलक घ्यायची, दख्खनी गाणी म्हणायची, वरपक्षाची टिंगल करायची. आजही जुन्या घरांत हे टिकून आहे.

शेजारच्या मराठी घरांत केळवण असते. लग्न ठरलेल्या मुलीला मामा, मावशी, आत्या, शेजारी आपापल्या घरी जेवायला बोलावतात. आपल्याकडेही खाला, फुफी दावतीला बोलावतात. यातली एक बाब मला फार महत्त्वाची वाटते. केळवण असो वा दावत, खर्च बोलावणारा करतो, मुलीचा बाप करत नाही.

आणि खुद्द ब्रायडल शॉवरची कथा काय आहे? हॉलंडमधल्या एका मुलीने गरीब गिरणीवाल्याशी लग्न करायचे ठरवले, बापाला ते पसंत नव्हते म्हणून त्याने हुंडा नाकारला, तेव्हा गावातल्या लोकांनी एकेक वस्तू आणून तिचा संसार उभा करून दिला, अशी दंतकथा सांगितली जाते. दंतकथा खरी असो नसो, तिच्यातला विचार नेमका आहे. हुंड्याविना लग्न करणाऱ्या मुलीच्या पाठीशी मैत्रिणींनी आणि शेजाऱ्यांनी उभे राहायचे, म्हणून हा भेटींचा वर्षाव. आपण मात्र फुगे घेतले आणि हा विचार तिकडेच ठेवला. आपल्याकडे फर्निचर, भांडी, गाडी हे सगळे पूर्वीसारखेच बापाने द्यायचे आणि वर शॉवरचे बिलही त्यानेच भरायचे.

माझ्या एका माजी विद्यार्थिनीचे उदाहरण देते. वडील टेम्पो चालवतात. लग्नासाठी पतसंस्थेचे कर्ज काढले होते. त्यातच सजावटवाल्याचा आगाऊ हप्ता गेला, कारण मोठ्या चुलत बहिणीचे तसे झाले होते. कार्यक्रमानंतर ती मला म्हणाली, “टीचर, सगळं छान झालं, पण त्यात माझ्या आवडीचं काहीच नव्हतं. केकसुद्धा नाही.” सगळी संध्याकाळ ती फोटोग्राफर सांगेल तिकडे वळत होती. जेवायला बसली तेव्हा मैत्रिणी निघून गेल्या होत्या.

धर्माचा दाखला देऊन आनंदच नको म्हणणाऱ्यांनी एक हदीस आठवावी. एका मुलीची अन्सारी वराकडे पाठवणी झाली तेव्हा पैगंबरांनी (स.) हजरत आयशांना विचारले होते की सोबत काही गाणे-बजावणे नव्हते का, अन्सारांना ते आवडते. सहीह बुखारीत ही नोंद आहे. लग्नात दफ वाजवल्याचे दाखलेही हदीसमध्ये आहेत. त्याच वेळी उधळपट्टी करणाऱ्यांना कुरआनने सैतानाचे भाऊ म्हटले आहे. आनंदाला वाव आहे, दिखाव्याला नाही. एवढी साधी मर्यादा पाळली तर वाद उरत नाही.

मग ही संध्याकाळ कशी आखावी? माझ्या मनात आहे ते सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट दिवसाची. लग्नाच्या आदल्या दिवशी हे करू नये, नवरी तेव्हा दमलेली असते. दोन-तीन आठवडे आधीचा एखादा रविवार घ्यावा, असरनंतर सुरू करून इशापर्यंत संपवावे. जागा घराची, गच्चीची किंवा खालाच्या अंगणाची. माणसे वीस-पंचवीस, आणि यादी नवरीने स्वतः करायची. वर्गातली हिंदू मैत्रीण, शेजारच्या काकू, कॉलेजच्या मॅडम, तिला हव्या असतील त्या सगळ्या.

यादीत एक नाव मुद्दाम असावे. आपल्याकडे अजूनही हळद लावायला सुहागनच पुढे बोलावतात आणि विधवा किंवा तलाक झालेली खाला स्वयंपाकघरात राहते. हा इस्लाम नव्हे. हजरत खदीजा (र.) निकाहाच्या वेळी विधवा होत्या. ज्या बाईने एकटीने मुले वाढवली, तिने नवरीला पहिली हळद लावावी. अशी एक खाला पुढे आली की जमलेल्या सगळ्यांना न बोलता धडा मिळतो.

खर्च मैत्रिणींनी आणि खाला-फुफींनी वाटून घ्यावा. दहा जणींनी तीनशे-तीनशे काढले तर तीन हजार होतात. तेवढ्यात घरचे गुलगुले, सांगलीचे भडंग, साताऱ्याचे कंदी पेढे आणि चहा-सरबत सहज होते. सजावटीला झेंडू आणि घरातल्या ओढण्या पुरतात. हळद तर विचारायलाच नको. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, हरिपूरच्या पेवांची कीर्ती दूरवर आहे. या मुलखातल्या नवरीच्या हळदीला पिवळ्या थर्माकोलच्या कमानीची गरज नाही.

गाण्यांचेही तसेच. मिरजेत सतार आणि तंबोरे घडवणारी मुस्लिम कारागिरांची घराणी पिढ्यान्‌पिढ्या काम करत आहेत. त्यांच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये मानांकन मिळाले. त्याच भागातल्या लग्नांत आपण छाती हादरवणारा डीजे लावतो. एक ढोलक आणि दोन जुन्या बायका पुरेत. नानीला सांगा, तुझ्या लग्नातले गाणे म्हण. विजापूरच्या सूफी परंपरेत बायकांनी दळताना म्हणायची चक्कीनामे होती, मराठी बायकांच्या जात्यावरच्या ओव्या होत्या. दोन्हींचा सूर ओळखणाऱ्या आज्या आता थोड्या उरल्या आहेत. त्यांचे गाणे एखादीने लिहून घेतले तर तीच त्या संध्याकाळची मोठी कमाई.

खेळ भरपूर असावेत, पण नवरीला रडवणारे, तिच्या रंगावर-वजनावर हसणारे नकोत. भेंड्या घ्या, बालपणीचे फोटो ओळखायला लावा, प्रत्येकीला स्वतः रचलेला उखाणा म्हणायला सांगा. उखाणा दख्खनीत असला तरी चालेल, उलट जास्त रंगेल. एक कोरी वही फिरवा. जिला मराठी येते तिने मराठीत, जिला उर्दू येते तिने उर्दूत नवरीबद्दलची एक आठवण लिहावी. फोन मात्र दाराशी एका टोपलीत ठेवावेत. मोकळ्या केसांनी नाचणाऱ्या मुलींचे व्हिडिओ न विचारता गटागटांत फिरतात आणि बोलणी मुलींनाच खावी लागतात. नवरीला हवेत तेवढे फोटो एकीने काढावेत आणि ते तिच्याच हाती द्यावेत.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला तो भाग. या तीन तासांतला अर्धा तास नवरीला निकाहनामा वाचून दाखवण्यासाठी ठेवावा. उर्दूची शिक्षिका म्हणून एक तपशील सांगते. महेर दोन प्रकारचा असतो. एक मुअज्जल, म्हणजे तत्काळ द्यायचा, आणि दुसरा मुवज्जल, म्हणजे पुढे द्यायचा. उर्दूत पहिल्या शब्दात ‘ऐन’ आहे, दुसऱ्यात ‘हमजा’ असलेला ‘वाव’. बोलताना दोन्ही जवळपास सारखेच ऐकू येतात. उर्दू न शिकलेली मुलगी त्या कागदावर सही करते, तेव्हा आपला हक्क आजचा आहे की कधीतरीचा, हे तिला कळलेले नसते. महेर खुशीने स्त्रियांना द्या, असे सूरह निसामध्ये आहे. तो तिचा आहे, बापाचा नाही आणि सासऱ्याचाही नाही. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्यानेही महेरला हुंड्याच्या व्याख्येबाहेर ठेवले आहे. मेंदी वाळेपर्यंत नवरीला उठता येत नाही, तेवढ्या वेळात शिकलेल्या आपाने हे समजावून सांगावे. कोऱ्या निकाहनाम्याची प्रत काझींकडून आधीच आणून ठेवता येते.

दुसरे काम आहेराच्या वहीचे. ही वही आपल्याकडे असतेच, पण ती बहुतेकदा कोणी किती दिले आणि परत किती द्यायचे यासाठी. १९८५ च्या नियमांनुसार लग्नाच्या वेळी वधूला मिळालेल्या भेटींची लेखी यादी तिने स्वतः ठेवायची असते. वस्तूचे वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव व नाते आणि शेवटी वधू-वरांच्या सह्या. उद्या काही बिनसले तर दागिना कोणाचा, शिलाई मशीन कोणाचे, यावरून भांडण होते तेव्हा हा कागद कामी येतो. अशी वही मैत्रिणींनी सुंदर कागद लावून तिला भेट द्यावी. पहिल्या पानावर त्या संध्याकाळच्या भेटी लिहाव्यात. भेटीही कामाच्या असाव्यात. तिच्या एकटीच्या नावावर बँकेत ठेव, अपुऱ्या राहिलेल्या पदवीची परीक्षा फी, शिवणकामाचे सामान.

कोणी म्हणेल, आनंदाच्या दिवशी कागदपत्रे कशाला? माझा अनुभव असा की समजावणारी बाई घरातली आणि हसतमुख असेल तर मुली कान देऊन ऐकतात. लग्नानंतर वर्षभराने तक्रार घेऊन आलेल्या मुलीला तीच गोष्ट सांगताना मात्र घरात कोणी हसत नसते.

म्हणून खालांना, फुफींना, भाभींना माझी विनंती आहे. घरात पुढचे लग्न निघेल तेव्हा मुलीला ब्रायडल शॉवर नको म्हणू नका, आणि सजावटवाल्याला फोनही लावू नका. तिला विचारा, तुला कोण कोण हवे आहे, काय खायचे आहे, कोणाचे गाणे ऐकायचे आहे. खर्च तुम्ही वाटून घ्या, यादी तिला करू द्या आणि तिच्या अब्बांना त्या दिवशी निवांत चहा पिऊ द्या.