कौल कोणता, अर्थ कोणाचा?

लोकशाहीत लोकांचा कौल शिरोधार्य मानावयाचा, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु तो कौल कोणत्या प्रश्नावर, कोणाच्या सोयीसाठी आणि कोणत्या माहितीवर मागितला गेला, हे विचारण्याचा अधिकारही लोकांचाच आहे. युरोपीय संघात राहावे की बाहेर पडावे, यावर ब्रिटनने २३ जून २०१६ रोजी घेतलेले सार्वमत या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे.

पंतप्रधान कॅमेरन यांनी सार्वमताचे अभिवचन जानेवारी २०१३ मध्ये दिले. हुजूर पक्षातील युरोपविरोधी गट अस्वस्थ होता आणि बाहेरून स्वातंत्र्य पक्ष त्याची मते पळवीत होता. घरचे भांडण मिटविण्यासाठी अवघ्या गावास पंचायतीस बसवावे, तसा हा प्रकार झाला. बोरिस जॉन्सन यांनी तर बाजू ठरविण्यापूर्वी दोन्ही बाजूंचे लेख लिहून पाहिले होते! नेत्यांच्या निष्ठा इतक्या लवचिक असता मतदाराने खंबीर निर्णय द्यावा, ही अपेक्षा विलक्षणच म्हटली पाहिजे.

प्रचारात सत्याची आबाळ झाली. आठवड्यास ३५ कोटी पौंड युरोपला जातात, असे एका बसवर रंगविण्यात आले. परत मिळणारी सूट त्यात वजा केलेली नव्हती. सरकारी सांख्यिकी प्राधिकरणाने हा आकडा दिशाभूल करणारा ठरविला. उलटपक्षी, कौल विरुद्ध जाताच मंदी कोसळेल, ही सरकारने घातलेली भीतीही तत्काळ खरी ठरली नाही.

परंतु खरा दोष प्रश्नातच होता. 'राहणे' म्हणजे काय, हे ठाऊक होते. 'बाहेर पडणे' म्हणजे काय, हे कोणीच निश्चित केले नव्हते. सामाईक बाजारपेठेचे काय, आयर्लंडमधील सरहद्दीचे काय, याचा मतपत्रिकेवर उल्लेखही नव्हता. ५१.९ टक्के लोकांनी बाहेर पडण्याचा कौल दिला. स्कॉटलंडमध्ये मात्र ६२ टक्के मते राहण्याच्या बाजूची होती. पुढे २०१९ मध्ये थेरेसा मे यांचा करार लोकसभागृहाने तीनदा फेटाळला. ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन बाहेर पडेपर्यंत साडेतीन वर्षे त्या एका शब्दाचा अर्थ लावण्यात गेली.

आम्हांस येथे गोव्याचे स्मरण होते. १६ जानेवारी १९६७ रोजी तेथे जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीनीकरण की केंद्रशासित प्रदेश, हे दोन्ही पर्याय संसदेच्या कायद्याने स्पष्ट केलेले होते, आणि मतदान निःपक्षपाती व्हावे म्हणून बांदोडकरांचे मंत्रिमंडळ आधीच पायउतार झाले होते. निकाल ३४,०२१ मतांनी महाराष्ट्राच्या इच्छेविरुद्ध गेला. दुःख झाले, पण कौलाचा अर्थ काय, असा प्रश्न कोणास पडला नाही.

सार्वमताचे शस्त्र टाकाऊ नव्हे. मात्र जो राज्यकर्ता ते उपसतो, त्याने दोन्ही वाटा कोठे जातात हे आधी लेखी सांगितले पाहिजे. तेवढे धैर्य नसेल, तर आपल्या पक्षाचे ओझे त्याने जनतेच्या खांद्यावर टाकू नये.