चुलीला सुट्टी केव्हा?

सहल म्हणजे रोजच्या कामातून सुटका, अशी व्याख्या ज्याने प्रथम केली तो नक्कीच पुरुष असला पाहिजे. आपल्या बेळगाव-निपाणी भागातील एखादे कुटुंब चार दिवसांसाठी घराबाहेर पडते तेव्हा बरोबर काय काय घेते, याची यादी एकदा करून पाहावी. कपड्यांच्या दोन पिशव्या. आणि मग परात, पोळपाट, लाटणे, तवा, दोन भगुणी, कुकर, विळी, तिखटा-मिठाचा डबा, तांदूळ, हरभऱ्याची डाळ, गूळ, गव्हाचे आणि जोंधळ्याचे पीठ, तेलाचा डबा, पाण्याची कळशी आणि शेवटी गॅसची लहान शेगडी. घर मागे राहते, स्वयंपाकघर तेवढे सोबत येते. आणि स्वयंपाकघर आले की त्यात राबणारी बाईही आलीच! ती सहलीला आली असे म्हणायचे, एवढेच.

हे मी कोणाची टिंगल करण्यासाठी लिहीत नाही. मुक्कामाच्या जागी स्वतः रांधून खाण्याची आपली रीत जुनी आहे आणि तिच्यामागे कारणेही आहेत. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगराचेच उदाहरण घेऊ. कोल्हापूर, कागल, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील हजारो कुटुंबे मार्गशीर्ष पौर्णिमेला तिकडे जातात. कन्नड भाविकांची गर्दी पौष-माघातल्या बनद हुण्णिमेला आणि भारत हुण्णिमेला अधिक. पूर्वी बैलगाड्या जुंपून जात. वाटेत ठिकठिकाणी तळ पडत. नंतर एस.टी.च्या गाड्या ठरवून जाण्याची पद्धत आली. कोल्हापूरच्या गल्ल्यागल्ल्यांतून अजूनही अशा गाड्या निघतात आणि माणसांना घेऊन तिथेच थांबतात. त्या थांबण्याचे जे पैसे पडतात त्याला एस.टी.च्या भाषेत 'खोळंबा आकार' म्हणतात. बाईच्या तिथल्या मुक्कामालाही हाच शब्द शोभेल असे मला कधी कधी वाटते.

जोगुळभावीला स्नान, मग डोंगरावर चढून दर्शन, त्यानंतर परडी भरणे. आपण ज्याला परडी भरणे म्हणतो त्याला कन्नडात 'पडलिगी तुंबसोदु' म्हणतात. भाषा दोन, टोपली एक. तिच्यात जाणारे पदार्थही बहुतेक तेच: आपली पुरणपोळी ती त्यांची होळगी, आपले कडबू ते त्यांचेही कडबू, भाकरी ती रोट्टी. हे सारे तिथेच शिजवायचे असते. झाडाखाली तीन दगड मांडायचे, सरपण विकत घ्यायचे, पाण्यासाठी घागर घेऊन रांगेत उभे राहायचे आणि डोळ्यांत धूर घेत पुरण घाटायचे. डोंगरावर त्या दिवशी एकाच वेळी हजारो चुली पेटलेल्या असतात. हे दृश्य फार सुंदर दिसते, असे आमच्या गाडीतले एक गृहस्थ म्हणाले होते. अर्थात ते दुरून पाहत होते.

देवीचा नैवेद्य स्वतःच्या हाताने रांधावा, ही श्रद्धा आहे आणि तिच्याविषयी मला काहीही म्हणायचे नाही. परंतु नैवेद्य वेगळा आणि जेवण वेगळे, हा भेद आपण सोयीस्करपणे विसरतो. देवीला पाच पोळ्या पुरतात. चौदा माणसांना तीन दिवस दोन्ही वेळा ताजे आणि गरम वाढले पाहिजे, अशी आज्ञा यल्लम्माने केल्याचे कोणत्याही जोगतिणीच्या तोंडून मी ऐकलेले नाही. ती आज्ञा घरातल्या कर्त्या माणसाची असते. सकाळी पोहे, दुपारी पोळ्या, संध्याकाळी 'काही तरी हलके' म्हणजे पुन्हा भात, आमटी आणि भाकरी. मध्ये दोनदा चहा. देवाच्या नावावर हा सगळा हिशोब खपून जातो.

गेल्या यात्रेत आमच्या गाडीतली मंडळी दुपारी नवीलतीर्थाचे धरण आणि रेणुकासागराचे पाणी पाहायला गेली. माझी आई आणि काकू मागे राहिल्या. भांडी कोण राखणार? आणि परतल्यावर सगळ्यांना भूक लागणार, हेही ठरलेलेच. आई लग्न होऊन आल्यापासून सौंदत्तीला जाते आहे. धरण तिने अजून पाहिलेले नाही. तिची याबद्दल तक्रार नाही, आणि मला त्या नसलेल्या तक्रारीचेच वाईट वाटते. याच अंकाच्या कन्नड विभागात लिहिणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीला मी हे सांगितले, तेव्हा ती हसून म्हणाली, 'नम्म अव्वंदू अदे कती!' आमच्या आईचीही तीच कथा. सीमेचा प्रश्न कसा सुटायचा तसा सुटो. चुलीपुढच्या बाईची भाषा विचारण्याची गरज पडत नाही, एवढे मात्र खरे.

अलीकडे प्रवास स्वस्त झाला आहे. महाराष्ट्रात १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट झाले आणि कर्नाटकात ११ जून २०२३ पासून 'शक्ती' योजनेखाली, राज्यातल्या रहिवासी बायकांना साध्या सरकारी बसचा प्रवास राज्यापुरता मोफत झाला. निपाणीत तंबाखूच्या वखारीत आणि विड्या वळण्यात आयुष्य काढणाऱ्या बायका आज तिकिटाच्या पैशांची चिंता न करता गोकाक-यरगट्टीमार्गे सौंदत्तीला जाऊ शकतात, धर्मस्थळालाही जाऊ शकतात. ही मोठीच गोष्ट आहे. जिला माहेरी जायलाही नवऱ्याकडे हात पसरावा लागे, तिच्या दृष्टीने तर फारच मोठी. पण बसमधून उतरल्यावर पुढे काय? तिकीट माफ झाले, चूल माफ झाली नाही.

कोणी म्हणेल, चार दिवसांचा तर प्रश्न. नाही, प्रश्न चार दिवसांचा नाही. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली लोकांचा वेळ कशात जातो याची देशभर पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जात असल्याचे दिसले, म्हणजे जवळजवळ पाच तास. पुरुषांपैकी जे घरकाम करतात त्यांची मिनिटे ९७. आणि मुळात असे पुरुष शंभरात सव्वीसच निघाले! ज्या बाईचे वर्षाचे ३६१ दिवस असे जातात तिला उरलेले चार दिवस तरी वेगळे मिळावेत की नाही, एवढाच माझा प्रश्न आहे.

यावर नेहमीचे उत्तर असे, की पुरुषांना स्वयंपाक येत नाही. हे साफ खोटे आहे. कोल्हापूरकडे 'रस्सा मंडळ' नावाची एक संस्था आहे. संस्था म्हणजे नोंदणी केलेली नव्हे, पण तिच्याइतकी नियमाने चालणारी दुसरी दाखवा. निपाणी-कागलकडेही तिच्या शाखा आहेतच. रविवारी दहा-वीस जण नदीकाठी किंवा कोणाच्या तरी मळ्यात जमतात. कोणी कांदा चिरतो, कोणी खोबरे भाजतो, कोणी वाटण वाटतो. तांबडा आणि पांढरा असे दोन्ही रस्से पन्नास माणसांचे होतात आणि मीठही चुकत नाही. बायकांनी त्यात हात घातलेला या आचाऱ्यांना चालत नाही! शेवटी भांडीही हेच घासतात. मग हेच हात सौंदत्तीच्या डोंगरावर चढताना कोठे गळून पडतात? मला वाटते, स्वतःची मजा असली की स्वयंपाक ही कला होते आणि कुटुंबाला पोसायचे असले की ते बायकांचे काम होते.

दुसरे उत्तर पैशांचे. हे मात्र खोटे नाही. आठ माणसांनी तीन दिवस हॉटेलात जेवायचे म्हटले तर मध्यम घराचाही महिन्याचा हिशोब कोलमडतो. मजुरी करणाऱ्या घराने तर नावच काढू नये. शिवाय मुलांची पोटे बिघडतात, आजोबांना तिखट चालत नाही, आजीला बाहेरचे चालत नाही. म्हणून चूल अजिबात पेटवू नका असे मी म्हणत नाही. पण चूल आणि हॉटेल यांच्यामध्ये आपल्याच लोकांनी शोधलेल्या वाटा आहेत, त्या आपण विसरत चाललो आहोत, असे माझे म्हणणे आहे.

आपल्या जिल्ह्यातील शेतकऱ्यांची येळ्ळ अमावास्या पाहा, किंवा आश्विनातली शीगी हुण्णिमे. सारे घर गाडीत बसून शेतावर जाते. रोट्टी, कडबू, भरले वांगे, कडधान्याची उसळ, शेंगाचटणी, दहीभात, आंबील, सगळे घरीच झालेले असते. शेतात पूजा करायची, पिकावर चरगा शिंपडायचा आणि बांधावर गोल बसून जेवायचे. तिथे चूल पेटत नाही. आदल्या रात्री आणि पहाटे बायकांचे कष्ट होतातच, ते मी लपवत नाही. परंतु एकदा गाडी जुंपली की त्या मोकळ्या. दुपारी झाडाखाली त्यांनाही पाठ टेकता येते. जुन्या यात्रेच्या शिदोरीचा अर्थ हाच होता. दशम्या, धपाटी आणि आठवडाभर सहज टिकणारी कडक भाकरी. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही आणि कांदा एवढ्यावर दोन वेळा उत्तम निभावतात. आता तर बेळगाव-धारवाडकडे अशा भाकऱ्या बायकांचे बचत गट करून विकतात. म्हणजे आपल्या घरातली एक बाई सुटते आणि दुसऱ्या घरातल्या बाईला चार पैसे मिळतात. गोड म्हणून गोकाकचा करदंट आणि बेळगावचा कुंदा आहेतच. गॅसची शेगडी खिशाला परवडू लागली आणि आपण शिदोरी बांधायचे सोडून दिले. सोय वाढली ती खाणाऱ्याची. रांधणारीचे काम उलट वाढले, कारण आता 'गरम का नाही?' असे विचारता येते.

तशाच खानावळी. आपल्याकडच्या साध्या लिंगायत खानावळीत रोट्टी, एण्णगाई, झुणका, ताक असे घरच्यासारखे जेवण मिळते. तीन दिवसांत एक वेळ तिथे बसले तर दिवाळे निघणार नाही. आदमापूरला बाळूमामांच्या स्थानी महाप्रसाद मिळतो, धर्मस्थळाला रोज हजारोंच्या पंगती उठतात. तिथे जाणाऱ्या बायकांचे चेहरे पाहावेत. पंगतीत नवऱ्याच्या बरोबरीने बसून, कोणी तरी वाढतो आहे आणि आपण खातो आहोत, हा अनुभव कित्येकींना वर्षातून तिथेच येतो. एरवी त्या सर्वांत शेवटी जेवतात.

हे सारे यात्रेबद्दल झाले म्हणून नव्या पद्धतीच्या सहलीवाल्यांनी निश्चिंत होऊ नये. बँकांच्या 'हॉलिडे होम'मध्ये, आंबोलीच्या किंवा गोव्याच्या भाड्याच्या बंगल्यात 'किचनची सोय' अशी पाटी पाहून आपण खूश होतो. कोणाची सोय? समुद्रावरून वाळूचे पाय घेऊन आलेली मंडळी 'आज मासे घरीच करू' म्हणतात. या वाक्यातला 'करू' व्याकरणाच्या दृष्टीने सर्वांना लागू पडतो. प्रत्यक्षात त्याचा कर्ता एकच असतो. त्या मानाने मंगेशी, कवळे येथील देवस्थानांच्या अग्रशाळेत उतरणारी जुनी मंडळी शहाणी; जेवणाचे आधी सांगून ठेवतात आणि मोकळ्या मनाने देवळात जाऊन बसतात.

आणखी एक मागणी आहे आणि ती आपल्या दोन्ही विभागांच्या वाचकांनी मिळून करावी. सौंदत्तीच्या यल्लम्मा गुड्डाच्या विकासासाठी केंद्राने २०२४ साली सुमारे १०० कोटी रुपये मंजूर केले. या पैशांत कमानी, वाहनतळ, निवास हे सर्व जरूर व्हावे. पण ज्यांना रांधायचेच आहे त्यांच्यासाठी कमरेइतक्या उंचीचे ओटे, जवळ पाण्याचा नळ, वर पत्रा आणि भांडी घासायला मोरी, एवढे मोठ्या प्रमाणावर बांधायला किती खर्च येईल? आराखडे करणाऱ्यांनी एकदा पौर्णिमेच्या दुपारी धुरात बसून शंभर पोळ्या लाटून पाहाव्यात, म्हणजे ओट्याची उंची त्यांना कोणी सांगावी लागणार नाही.

आमच्या गल्लीची गाडी येत्या मार्गशीर्षातही निघेल. या वेळी मी, माझा भाऊ आणि दोन चुलतभाऊ अशी चौघांची नावे दुसऱ्या दिवसाच्या जेवणासाठी वहीत लिहून ठेवली आहेत. बेत ठरला आहे: मुगाची खिचडी, भाजलेले पापड आणि दही. भावाने रस्सा मंडळात पाच वर्षे कांदा चिरला आहे, तेव्हा तिकडची काळजी नाही. वडील म्हणाले, 'खिचडी? यात्रेत?' त्यांना पापड भाजायला दिले आहेत. आई आणि काकू त्या दिवशी सकाळीच धरणाकडे जाणार आहेत.