वडाच्या बुंध्याशी एक मीटर माती

कर्वेनगरच्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक जुना वड आहे. गेल्या दोन उन्हाळ्यांत त्याची रस्त्याकडची मोठी फांदी वठली. साल सुटून पापुद्रे खाली पडतात, आतलं लाकूड उघडं पडलं आहे. सोसायटीच्या बैठकीत विषय निघाला: झाड पाडायचं, की वाचवायला वर्गणी काढायची? एका शेजाऱ्यांनी विचारलं, "मरायला टेकलेल्या झाडावर पैसे कशाला? तेवढ्यात शंभर रोपं लागतील." प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर नीट मांडते.

१. पैसे खर्च करावेत, पण झाड जिवंत असताना आणि आधी मातीवर. आमच्या वडाभोवती पूर्वी मातीचा उंचवटा होता. मग पेव्हर ब्लॉक आले, नंतर रस्ता काँक्रीटचा झाला आणि ठेकेदाराच्या माणसांनी काँक्रीट जवळजवळ बुंध्याला भिडवलं. परवा टेप घेऊन मोजलं. रस्त्याच्या बाजूला बुंधा आणि काँक्रीट यांत चार बोटांची फट आहे, आणि तिच्यात गुटख्याच्या पुड्या. पाणी शोषणारी बहुतेक बारीक मुळं जमिनीच्या वरच्या दोन-अडीच फुटांत असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही पलीकडे पसरतात. त्यांना पाण्याइतकीच हवा लागते. वरून काँक्रीट दाबलं, त्यात केबलसाठी चर खणताना जाड मुळं तोडली, की झाड लगेच मरत नाही. पाच-सात वर्षांनी शेंडा वाळायला लागतो, आणि तोवर चर कोणी खणला हे कोणाच्या लक्षात नसतं. झाडाभोवती किमान एक मीटर जागा मोकळी ठेवा, असं राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीच्या प्रकरणात २०१३ मध्येच सांगितलं आहे. तेवढं काँक्रीट फोडायला एक ब्रेकर, दोन मजूर, एक दिवस, वर शेणखत आणि पालापाचोळा. वर्गणीतला पहिला रुपया इथे जावा.

२. कुऱ्हाड थांबवली म्हणजे झाड वाचलं, असं होत नाही. मिरज तालुक्यातल्या भोसे गावचा यल्लम्मा मंदिराजवळचा वड आठवा. वय सुमारे ४०० वर्षं सांगत. रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या रुंदीकरणात तो जाणार होता. २०२० च्या जुलैमध्ये गावकरी आणि वृक्षप्रेमी उभे राहिले, तेव्हाच्या पर्यावरणमंत्र्यांनी केंद्रीय रस्तेमंत्र्यांना पत्र लिहिलं आणि वड वाचवून रस्ता न्यायचं ठरलं. राज्यभर आनंद झाला, मलाही झाला. २०२२ च्या जूनमध्ये तो वड कोसळला. ती बातमी वाचून मी बराच वेळ सुन्न बसले होते. आंदोलन चुकलं असं मी कधीच म्हणणार नाही. पण रस्ता वळवण्याच्या खर्चासोबतच पुढची वीस वर्षं त्या झाडाची तपासणी, आधार आणि मातीची देखभाल यांचीही तरतूद करायची असते. जुन्या देवळाचा जीर्णोद्धार करून आपण कुलूप लावून निघून जात नाही. पुजारी नेमतो.

३. फांदी वठली म्हणजे झाड मेलं नाही, आणि खोड पोकळ झालं म्हणजेही मेलं नाही. झाडाचा जीव सालीखालच्या पातळ थरात असतो, मधलं लाकूड हा नुसता खांब. हावड्याच्या आचार्य जगदीशचंद्र बोस वनस्पती उद्यानातल्या महावटाचं मूळ खोड १८६४ आणि १८६७ च्या वादळांनंतर बुरशीने पोखरलं गेलं आणि १९२५ मध्ये काढूनच टाकावं लागलं. झाड आज हजारो पारंब्यांवर उभं आहे आणि वाढतंच आहे.

वडाला निसर्गाने ही सोय दिली आहे: पारंबी जमिनीला टेकली की तिचा खांब होतो. आणि आपण शहरात काय करतो? बस आणि टेंपोच्या उंचीवर दरवर्षी पारंब्या छाटतो, मग झाड एका अंगाला झुकलं म्हणून घाबरतो. फूटपाथच्या बाजूच्या चार पारंब्या पोकळ बांबूत माती भरून खाली उतरवल्या, तर काही वर्षांत आमच्या वडाला स्वतःचे टेकू मिळतील. एक काम मात्र कोणी सुचवलं तरी करू नये: ढोलीत सिमेंट भरणं. ही जुनी पद्धत जाणकारांनी कधीच सोडली. सिमेंटलगत पाणी साचतं आणि लाकूड जास्तच कुजतं.

४. माणसाच्या जिवापुढे झाड मोठं नाही. पुण्यात पावसाळ्यात झाड अंगावर पडून माणसं गेली आहेत. आमच्या वडाखाली सकाळी शाळेच्या व्हॅन थांबतात. वठलेली फांदी या पावसाआधी उतरवलीच पाहिजे, त्यावर वाद नको. पण बुंधा आतून किती भरीव आहे हे ध्वनिलहरींच्या यंत्राने तपासता येतं. तो निर्णय झाडाच्या डॉक्टरने द्यावा, लाकूड घेऊन जाणाऱ्याने नव्हे.

५. शंभर रोपांचा हिशेब. महाराष्ट्राचा शहरी झाडांचा कायदा १९७५ चा. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षं वा त्याहून जुन्या झाडाला वारसावृक्ष मानलं, आणि असं झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी रोपं लावायची असं ठरलं. तरतूद चांगली आहे. पण तेवढी रोपं कर्वेनगरमध्ये लावायची कुठे? ती लागतात लांब कुठल्या तरी टेकडीवर, आणि इथली सावली इथून जाते. रोपं लावाच. वडाच्या बदल्यात म्हणून लावू नका.

६. झाड खरंच मेलं तर? तर त्यावर फार खर्च करू नये. रसायनं फासून, रंग देऊन सांगाडा उभा ठेवण्याला माझा विरोध आहे. धोक्याच्या फांद्या काढून दहा-बारा फुटांचं खोड उभं राहू द्यावं. तांबट वाळक्या लाकडातच घर कोरतो, पिंगळ्याला ढोली लागते, राखी धनेशालाही.

७. आठवण टिकवायचा स्वस्त मार्ग आहे. शुक्रवार पेठेतल्या चिंचेच्या तालमीसारखी नावं पुण्यात झाडांमुळेच टिकली आहेत. आळंदीच्या अजानवृक्षाची रोपं भक्तांनी गावोगावी नेऊन वाढवली. वडाची फांदीही जमिनीत लावली की जगते. आमच्या वडाच्या पाच-सहा फांद्या याच पावसात नदीकाठी आणि शाळेच्या मैदानात लावाव्यात, तो उभा असतानाच. आठवण जपायला खर्च करणं आपल्याला नवं नाही: इथल्याच हिंगण्याच्या माळावर १९०० साली महर्षी कर्व्यांनी बांधलेली झोपडी त्यांच्या संस्थेने जपून ठेवली आहे. तिच्या डागडुजीचा खर्च वाया गेला असं कर्वेनगरमध्ये कोणी म्हणत नाही.

८. पैसे आणायचे कुठून? आपल्या मिळकतकरात वृक्षकर असतो. नव्या रोपांचे कार्यक्रम होतात, फोटो येतात. जुन्या झाडांच्या देखभालीवर प्रभागात किती खर्च झाला, हे क्षेत्रीय कार्यालयात लेखी विचारायचं मी ठरवलं आहे. अर्जावर सह्या हव्या आहेत. तोवर ब्रेकरवाल्याची एक दिवसाची मजुरी मी देते, महापालिकेची परवानगी तेवढी सोसायटीने काढावी. वटपौर्णिमेच्या आधी झालं तर बरं. दरवर्षी आम्ही बायका त्या झाडाला पाणी घालतो आणि ते काँक्रीटवरून वाहत गटारात जातं.