विश्लेषण : नाशिकहून एका दिवसात विंचूर... एसटीने जाता येते, परतीचे काय?

नाशिकहून छत्रपती संभाजीनगरकडे निघालेली एसटी निफाड ओलांडून विंचूरच्या तीन पाटीवर थांबते, चार-सहा जण उतरतात आणि गाडी येवल्याकडे निघून जाते. उतरणाऱ्यांत लासलगावला जाणारे असतात, बाजार समितीत काम असलेले असतात, माहेरी आलेल्या असतात. सहलीला आलेला माणूस क्वचितच. वास्तविक नाशिकपासून पन्नास-साठ किलोमीटरवरचा हा पट्टा एका दिवसात बघून परतण्याजोगा आहे आणि बसनेच बघावा असा आहे. तरी नाशिककर इकडे येतो तो स्वतःच्या मोटारीने, नाही तर येतच नाही. अडचण पाहण्याच्या ठिकाणांची नाही. सकाळी जायला गाडी मिळेल याची खात्री असते. संध्याकाळी पाचनंतर परत यायला कोणती गाडी विंचूरला थांबेल, हे मात्र घरून निघताना नीट कळत नाही.

विंचूर परिसरात पाहण्यासारखे काय?

विंचूरला रस्ते फुटतात. महामार्ग पुढे येवल्याला जातो आणि इथूनच लासलगाव, चांदवड, सटाण्याच्या दिशेने विंचूर-प्रकाशा राज्यमार्ग निघतो. त्यामुळे एका थांब्यावर उतरून दोन-तीन दिशांना जाता येते. पुण्यातला विंचूरकर वाडा अनेकांना ठाऊक असतो. लोकमान्य टिळक गायकवाड वाड्यात जाण्यापूर्वी तिथे राहत होते. पण ज्यांच्या नावाने तो वाडा ओळखला जातो, ते पेशवाईतले सरदार विठ्ठल शिवदेव दाणी या गावच्या जहागिरीमुळे विंचूरकर झाले, हे नाशिकमध्येही फार जणांना आठवत नाही.

लासलगाव इथून रिक्षाने दहा-पंधरा मिनिटांवर. देशभरातल्या कांद्याच्या भावाची बातमी जिथून निघते ती बाजार समिती तिथली, आणि तिचे उपबाजार आवार विंचूरला. ट्रॅक्टर-ट्रॉलींच्या रांगा, एकेका ट्रॉलीतला कांदा हातात घेऊन बोली लावत पुढे सरकणारा व्यापाऱ्यांचा घोळका, अर्ध्या मिनिटात ठरणारा भाव आणि हातातल्या चिठ्ठीकडे पाहत उभा राहिलेला शेतकरी. भाव पडल्याची बातमी वाचणे वेगळे आणि हे उभ्याने पाहणे वेगळे. उन्हाळ कांदा चाळीत का साठवता येतो आणि लाल कांदा का टिकत नाही, हेही तिथे कोणीही समजावून सांगतो. भाभा अणुसंशोधन केंद्राचे ‘कृषक’ हे विकिरण केंद्रही लासलगावचेच. कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून ते उभारले गेले आणि २००७पासून अमेरिकेला जाणारा आंबा तिथून विकिरण होऊन जाऊ लागला. कोकणच्या हापूसला कांद्याच्या गावी थांबा घ्यावा लागतो, ही गंमतच.

पुढे येवला. पैठणीचे माग तिथे घराघरांत चालतात आणि विणकर काम थांबवून दाखवतात. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली ती येवल्यात. ती जागा आज मुक्तिभूमी म्हणून ओळखली जाते. नांदूर मध्यमेश्वर हे गोदावरी-कादवा संगमावरचे पक्षी अभयारण्य याच निफाड तालुक्यात. जानेवारी २०२०मध्ये ते राज्यातले पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले. हिवाळ्यात तिथे सकाळी लवकर पोहोचायला हवे, आणि घोडे अडते ते तिथेच. महामार्गापासून आत वळणाऱ्या रस्त्यावर गाड्या मोजक्या. आंतरराष्ट्रीय दर्जाच्या पाणथळ जागेपर्यंतचे शेवटचे काही किलोमीटर ज्याच्या त्याच्या नशिबावर सोडलेले आहेत.

रविवारी जावे का?

शहरातल्या माणसाला सुट्टी रविवारी आणि बाजार समितीतले लिलाव बंद असतात तेही रविवारी. शाळा-महाविद्यालयांच्या वेळेला बांधलेल्या एसटीच्या फेऱ्याही त्या दिवशी कमी होतात. लासलगावचा बाजार पाहायचा तर मधला वार गाठावा. येवला आणि अभयारण्यासाठी रविवार चालेल.

वेळापत्रक कोणासाठी बनते?

एसटीची रचना समजून घ्यायची तर ‘मुक्कामी गाडी’ समजून घ्यावी लागते. ती संध्याकाळी आगारातून निघते, रात्री गावात थांबते आणि पहाटे गावातल्या लोकांना घेऊन तालुक्याला किंवा शहराला येते. विद्यार्थी, भाजी-दूधवाले, कचेरीत काम असलेले, दवाखान्यात जाणारे यांच्यासाठी ही व्यवस्था उभी राहिली आणि ती योग्यच आहे. रेल्वेचेही तेच. मनमाडहून निघणारी पंचवटी एक्स्प्रेस सकाळी लासलगाव, निफाड घेत नाशिकरोडमार्गे मुंबईला जाते आणि रात्री परतते. म्हणजे सारे वेळापत्रक सकाळी शहराकडे आणि संध्याकाळी गावाकडे तोंड करून बसलेले. एका दिवसाच्या सहलीला जाणारा बरोबर याच्या उलट चालतो.

उलट चालण्यात एक फायदा आहे. सकाळी नाशिकहून बाहेर पडणाऱ्या साध्या गाडीत बसायला जागा मिळते, कारण गर्दी समोरून येत असते. तोटा संध्याकाळचा. विंचूर महामार्गावर असल्याने गाड्या पुष्कळ दिसतात, पण दिसणे आणि थांबणे यांत फरक आहे. लांब पल्ल्याची जलद गाडी इथे हात दाखवून थांबेल का, विनाथांबा गाडीतून आलेल्याला येवल्यापर्यंत जाऊन मागे यावे लागेल का, हे वाहक सांगेल तेव्हा कळते. फलकावर असते ती गाडी मूळ बसस्थानकावरून सुटण्याची वेळ. मधल्या थांब्यावर ती कधी येते, याचा अंदाज तिथल्या चहावाल्याला असतो, नवख्या प्रवाशाला नसतो. मग काळी-पिवळी जीप शोधा, निफाड गाठा, तिथून पुढचे बघा. दोन मुले आणि एक म्हातारे माणूस बरोबर असलेले कुटुंब हा जुगार एकदा खेळते. पुढच्या वेळी गाडी भाड्याने घेते.

स्वित्झर्लंडने १९८२मध्ये देशभर एक साधी सुधारणा केली : गाडी दर तासाला ठरलेल्याच मिनिटाला. वेळापत्रक खिशात बाळगण्याची गरजच उरली नाही. तिथली साधने इथे नाहीत, हे खरे. पण दुपारी तीन ते रात्री आठ या वेळात विंचूरला नक्की थांबणाऱ्या नाशिकच्या गाड्या कोणत्या, एवढे तीन पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहायला स्वित्झर्लंडची श्रीमंती लागत नाही.

गाड्याच कमी असताना सहलीचे लाड कशाला?

हा आक्षेप रास्त आहे. करोना आणि त्यानंतरच्या लांबलेल्या संपातून सावरताना एसटीचा ताफा आटला. जानेवारी २०२५मध्ये तिकीट जवळपास १५ टक्क्यांनी वाढले. अशा वेळी लासलगावच्या मुलीची कॉलेजची फेरी रद्द करून नाशिकच्या हौशी मंडळींना फिरवा, असे कोणी म्हणणार नाही. पण इथे नव्या गाड्यांची मागणीच नाही. सकाळी अर्धी रिकामी जाणारी गाडी भरली, तर तीच फेरी टिकायला मदत होईल, आणि ती टिकली तर दुपारी ती मुलगी त्याच गाडीने घरी जाईल.

शिवाय सहल एसटीला नवीन नाही. श्रावणी सोमवारी त्र्यंबकेश्वर, नवरात्रात आणि चैत्रात सप्तशृंगी गड, या वाटांवर जादा गाड्या सोडून हजारो लोकांना त्याच दिवशी घरी पोहोचवण्याचा सराव नाशिकच्या आगारांना वर्षानुवर्षे आहे. मार्च २०२३पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे आणि त्याआधी ऑगस्ट २०२२पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास. भिशीच्या, भजनी मंडळाच्या बायका आता देवदर्शनाला बसने सर्रास निघतात. येवल्याची पैठणी पाहायला त्या निघणार नाहीत, असे मानायला काही आधार नाही. ‘आवडेल तेथे प्रवास’ पास मात्र चार आणि सात दिवसांचा आहे. जिल्ह्यापुरता एका दिवसाचा पास काढला, तर विंचूर-लासलगाव-येवला अशी तीन तिकिटे काढण्याची कटकट वाचेल.

वाइन पार्कचे काय?

राज्याने २००१मध्ये द्राक्ष प्रक्रिया धोरण आणले आणि औद्योगिक विकास महामंडळाने विंचूर आणि सांगली जिल्ह्यातल्या पलूसला वाइन पार्क उभारले. वाइन पर्यटनाच्या गप्पा तेव्हापासून चालू आहेत आणि त्या सगळ्या पाहुणा मोटारीने येणार असे गृहीत धरून. चव घेतल्यावर ज्याने गाडी चालवू नये, त्यालाच गाडी घेऊन बोलावण्याचा हा प्रकार. या पाहुण्याला खरे तर परतीच्या एसटीची वेळ सर्वांत आधी सांगायला हवी. पार्कमधला प्रत्येक कारखाना पाहुण्यांसाठी खुला नसतो. जायचे असेल तर आधी फोन करून विचारलेले बरे.