तलावाला रोबो, टाकीला माणूस

गेले तीन शनिवार मी एका रोबोच्या मागे आहे. ऑफिसातला रोबो नाही हो, आमच्या सोसायटीच्या स्विमिंग पूलचा.

झालं असं की आमच्या मीरा रोडच्या कॉम्प्लेक्समध्ये एक पूल आहे. बिल्डरच्या ब्रोशरमध्ये तो समुद्राएवढा दिसायचा, प्रत्यक्षात बारा मीटर बाय सहा मीटर. त्याच्या तळाशी रोज सकाळी पिवळट धुळीचा थर बसलेला असतो. आजूबाजूला चोवीस तास बांधकामं चालू, त्यामुळे धूळ आमच्या पाचवीलाच पुजलेली. पूलवाला दादा रोज लांब दांडा आणि पाइप घेऊन तास-दीड तास तो थर ओढत बसतो. कमिटीत कुणीतरी दुबईच्या हॉटेलात रोबो बघितला आणि ठराव आला, "आपणही रोबो घेऊ." मग सेक्रेटरी काकांची नजर माझ्यावर पडली. "तू आयटीत आहेस ना? मग तूच बघ." आयटीतल्या माणसाला प्रिंटरपासून रोबोपर्यंत सगळं कळतं, हा आपल्याकडचा जुना समज आहे. असो.

मी आपला एक्सेल उघडून बसलो.

पूल साफ करणारी यंत्रं मुख्यतः तीन प्रकारची. पहिलं पूलच्याच पंपाच्या ओढीवर चालतं. १९७४ साली दक्षिण आफ्रिकेत फर्डिनांड शोव्हिए नावाच्या इंजिनिअरने 'क्रीपी क्रॉली' काढला, तो या जातीचा. स्वस्त आणि साधा, पण सगळा कचरा तुमच्या फिल्टरमध्येच नेऊन टाकतो. दुसरं पाण्याच्या दाबावर चालतं. पानं वगैरे मोठा कचरा छान उचलतं. आणि तिसरा खरा रोबो. त्याची मोटर स्वतःची, पंप स्वतःचा, कचऱ्याची जाळीही स्वतःच्या पोटात. इस्रायलमधल्या एका किबुत्झवर १९८३ साली सुरू झालेल्या कंपनीचे 'डॉल्फिन' हे यातलं जुनं नाव. आता चिनी कंपन्यांचे बॅटरीवाले रोबोही भरपूर आले आहेत.

आमच्यासारख्या सोसायटीने काय बघावं? मला विचाराल तर किमतीआधी या गोष्टी.

एक, जाळीची बारकी. पानं कुठलाही रोबो उचलेल, आपला शत्रू बारीक धूळ आहे. जाळी जाड असली की धूळ एका बाजूने आत आणि दुसऱ्या बाजूने बाहेर. रोबो फिरतो, पाणी गढूळ होतं, आणि सकाळी थर पुन्हा तिथेच! बारीक फिल्टर वेगळा मिळतो का, हे विचाराच.

दोन, ब्रश. आपल्याकडचे पूल बहुतेक गुळगुळीत टाइल्सचे. साधा रबरी ब्रश त्यावर घसरतो आणि रोबो भिंत चढता चढता सरड्यासारखा पडतो. टाइल्ससाठी स्पंजसारखे मऊ ब्रश असतात, ते हवेत.

तीन, पाण्याची रेघ. तळ साफ करणारे, भिंत चढणारे आणि पाण्याच्या कडेची रेघ घासणारे, अशा तीन इयत्ता आहेत. आपली जनता डोक्याला खोबरेल लावून पाण्यात उतरते (बोर्ड लावलाय, कोण वाचतो!), त्यामुळे कडेला चिकट काळी रेघ धरते. म्हणजे तिसरी इयत्ता.

चार, वायर की बॅटरी? घरच्या छोट्या पूलला बॅटरी ठीक आहे. रोज वापर असेल तर मी वायरवाला घेईन, कारण बॅटरी दोन-चार वर्षांत थकते आणि तिचा खर्च नंतर कळतो. वायरवाल्याचा ट्रान्सफॉर्मर मोटरला कमी व्होल्टचा पुरवठा देतो, पण तो ठेवायचा पाण्यापासून तीन-साडेतीन मीटर लांब, ईएलसीबी लावूनच. आणि रोबो पाण्यात असताना माणूस पाण्यात नको.

पाच, सुटे भाग मुंबईत मिळतात का? नाहीतर पहिला पट्टा तुटला की लाखाचा रोबो क्लबहाउसच्या कपाटात, बंद पडलेल्या ट्रेडमिलच्या शेजारी.

आता थोडं गणित. आमच्या पूलची सरासरी खोली १.२ मीटर, म्हणजे पाणी ८६,४०० लिटर. शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी हे आपल्याकडचं सरकारी मोजमाप. भागाकार करा... ६४० माणसं! आमच्या तीन विंगांत मिळून साधारण तेवढीच माणसं राहतात. म्हणजे अख्ख्या सोसायटीचं एका दिवसाचं पाणी आम्ही टाइल्समध्ये ओतून ठेवलंय. मीरा-भाईंदरला स्वतःचं धरण नाही. पाणी स्टेम आणि एमआयडीसीकडून येतं. सूर्या योजनेत शहराचा वाटा दिवसाला २१८ दशलक्ष लिटर ठरला, आणि त्या पाण्याची वाट बघण्यात इथल्या लोकांची किती वर्षं गेली ते इथलेच जाणोत. अशा गावात पूलवर बोलताना आवाज जरा खालीच ठेवावा.

रोबो इथे थोडी मदत करतो. दांड्याने ओढलेला कचरा वाळूच्या फिल्टरमध्ये जातो, मग फिल्टर धुवायला बॅकवॉश करावा लागतो. आमचा पंप मिनिटाला २५० लिटर ढकलतो, चार मिनिटं म्हणजे हजार लिटर गटारात. रोबोची जाळी नळाखाली दोन बादल्यांत धुतली जाते. आठवड्याला दोन बॅकवॉश वाचले तर महिन्याला आठ हजार लिटर. म्हणजे एक टँकरसुद्धा पुरता नाही. तेव्हा "पैसे वसूल होतील" असं जर कुणी सांगत असेल तर त्याला कॅल्क्युलेटर द्या. सोय होते, पाणी थोडं वाचतं, इतकंच. क्लोरीन घालणं आणि पीएच ७.२ ते ७.८ मध्ये ठेवणं रोबोला जमत नाही. तळ चकाचक आणि पाण्यात जंतू, असं सहज होऊ शकतं.

एवढं सगळं एक्सेलमध्ये रंगवून मी गेल्या शनिवारी सकाळी सहाला पूलवर गेलो. खरं कारण सांगू? मनात टोचत होतं. रोबो आला की दादाचं काय?

दादा जव्हारकडचा. मी आडवळणाने विषय काढला. तो हसला. म्हणाला, "आणा की साहेब. कंबर तरी वाचेल माझी. पण त्याला पाण्यातून रोज उचलणार कोण? जाळी धुणार कोण?" बरोबर होतं त्याचं. दहा किलोचा भिजलेला रोबो स्वतः चालत कपाटात जात नाही. मग पाइप गुंडाळता गुंडाळता तो बोलला ते मात्र माझ्या एक्सेलमध्ये कुठेच नव्हतं.

"रोबो टाकीला आणा ना साहेब. पूलमध्ये कुणी मरत नाही कचरा काढताना."

मी गप्प.

कारण ज्या मीटिंगमध्ये रोबोवर पाऊण तास चर्चा झाली, त्याच मीटिंगमध्ये जमिनीखालच्या पाण्याच्या टाक्या आणि एसटीपी साफ करायचं कंत्राट दोन मिनिटांत मंजूर झालं होतं. "सगळ्यात कमी कोटेशन कुणाचं? द्या त्याला." मीही हात वर केला होता. आत कोण उतरणार, कसं उतरणार, काहीही विचारलं नाही. चौकशी केल्यावर कळलं की गेल्या वर्षी दोन मुलं दोरी आणि बादली घेऊन उतरली होती. बस्स.

ही भीती हवेतली नाही. एप्रिल २०२४ मध्ये विरारच्या ग्लोबल सिटी भागात खासगी सांडपाणी प्रक्रिया केंद्र साफ करताना चार कामगार गेले. विरार म्हणजे आमच्याच लाइनवर, पुढची काही स्टेशनं. मार्च २०२५ मध्ये नागपाड्यात बांधकाम चालू असलेल्या इमारतीत चार कामगार गुदमरून मेले, आणि ती गटाराची नाही, पाण्याची टाकी होती. "पाण्याचीच तर टाकी आहे" असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. हवेत ऑक्सिजन साधारण २१ टक्के असतो, १९.५ च्या खाली गेला की धोका सुरू. बंद टाकीत गंज, शेवाळ, कुजणारं लाकूड हा ऑक्सिजन खात राहतात. सांडपाण्याच्या टाकीत वर हायड्रोजन सल्फाइड असतो. थोडा असला तर सडक्या अंड्यांसारखा वास येतो, जास्त झाला की नाकच बधिर होतं आणि वास येईनासा होतो. म्हणजे धोका वाढल्यावर इशारा बंद! पहिला कोसळला की दुसरा त्याला काढायला उतरतो, मग तिसरा.

गटार आणि सेप्टिक टँकमध्ये सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख केली. आणि यंत्रं नाहीत असंही नाही. केरळमधल्या तरुण इंजिनिअरांनी मॅनहोल साफ करणारा 'बँडिकूट' रोबो २०१८ मध्येच तिरुअनंतपुरममध्ये उतरवून दाखवला. आपल्याच वयाची, आपल्यासारखीच डिग्री घेतलेली पोरं ती. आणि मी मात्र खोबरेल तेलाची रेघ कुठला रोबो चांगली घासतो यावर तीन शनिवार घालवले.

तुम्ही म्हणाल, पूलचा रोबो घेऊच नका मग. मी तसं म्हणत नाही. यंत्राने माणसाची कंबर वाचत असेल तर जरूर आणावं. माझं म्हणणं एवढंच की यंत्र आणण्याचा क्रम चुकतोय. जिथे आपण पोहतो तिथे रोबो आधी येतो, आणि जिथे दुसऱ्याचा जीव जातो तिथे दोरी-बादलीच राहते. हा तंत्रज्ञानाचा प्रश्नच नाही, मीटिंगमध्ये कशावर पाऊण तास घालवायचा याचा आहे.

उद्या रविवारी सभा आहे. मी तीन गोष्टी मांडणार आहे. रोबो घ्या, पण सगळ्यात महागडा नको. मोबाइल ॲपवाला नको, पुढून-मागून कुठून चालवायचाय आपल्याला? दादा राहील, पाणी तपासायचं शिकेल आणि पगार वाढेल. आणि वाचलेल्या पैशात हवेतला वायू मोजणारा मीटर आणि ब्लोअर घ्या. टाकीचं कंत्राट पुन्हा काढा. गाळ वरूनच यंत्राने ओढणाऱ्यालाच काम द्या. पाण्याच्या टाकीत उतरावंच लागलं तर आधी हवा मोजायची, कमरेला पट्टा, वर दोन माणसं आणि ओढून काढायची घिरणी. एसटीपीत मात्र कुणीही उतरायचं नाही.

सेक्रेटरी काकांना काल लिफ्टमध्ये कल्पना दिली. ते म्हणाले, "अरे, मेंटेनन्स वाढेल." मी हिशेब काढलाय काका, घरटी महिन्याला एका वडापावाइतका.

बघू. हात किती वर होतात ते.